निकोटीन हे मेंदूचं टॉनिक नाही
"निकोटीन निरुपद्रवी आहे, वाईट असतो तो फक्त धूर. निकोटीनने लक्ष लागतं, पार्किन्सन टळतो आणि गमची सवय लागत नाही. सिगारेट न ओढणाऱ्यांनीही सकाळच्या कॉफीबरोबर 4 मिलिग्रॅमचा एक गम चघळावा." हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि परीक्षेच्या तोंडावर तो विचारतोय, "घेऊ का?" अजिबात नाही.

आधी तो गमच बघू. निकोटीनचा गम हे सिगारेट सोडण्यासाठीचं औषध आहे. 4 मिलिग्रॅमचा गम सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटवणाऱ्यांसाठी असतो. बाकीच्या धूम्रपान करणाऱ्यांनाही 2 मिलिग्रॅमचाच देतात. ज्याच्या शरीराला निकोटीन माहीतच नाही, त्याला त्याने धडधड, गार घाम, चक्कर, उलटी होऊ शकते. शिवाय तो साध्या गमसारखा चघळायचा नसतो. झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, त्या ओसरल्या की पुन्हा थोडा चावायचा, असं साधारण अर्धा तास. भराभरा चघळलं तर निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं. मग उचक्या, जळजळ, मळमळ. आणि म्हणे कॉफीबरोबर! कॉफी आम्लधर्मी असते आणि तोंडात आम्लता वाढली की निकोटीन गालाच्या अस्तरातून नीट शोषलंच जात नाही. म्हणून गमच्या आधी 15 मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नसतं. हे पाकिटातल्या माहितीपत्रकात असतं. सल्ला देणाऱ्याने तेवढंही वाचलेलं नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांत पार्किन्सन (हातपाय थरथरण्याचा आणि हालचाली मंदावण्याचा मेंदूचा आजार) कमी आढळतो, हे निरीक्षण खरं आहे. पण निकोटीन त्यावर औषध ठरतं का, हे तपासून झालंय. जर्मनी आणि अमेरिकेत आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या 162 रुग्णांना वर्षभर त्वचेवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच किंवा औषध नसलेला नुसता दिखाऊ पॅच लावला. 2023 साली 'एनईजेएम एव्हिडन्स' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: आजार मंदावला नाही, उलट निकोटीनवाल्यांची घसरण थोडी जास्तच दिसली. प्रयोग आजार झालेल्यांवरचा होता, हे मान्य. पण "टळतो" म्हणायला मेसेजकडे तर कसलाच प्रयोग नाही.

लक्ष लागण्याचं म्हणाल तर प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसते, न ओढणाऱ्यांतही. पण रोज घेतलं की मेंदूतले ग्राही (रिसेप्टर, म्हणजे निकोटीन ज्यांना जाऊन चिकटतं त्या पेशींवरच्या जागा) वाढतात. निकोटीन दर दोनेक तासांनी रक्तात निम्मं होतं. ते उतरलं की चिडचिड होते, लक्ष उडतं. पुढचा डोस ही तलफ शमवतो आणि माणसाला वाटतं डोकं चालायला लागलं. सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं हळू, म्हणून गमची सवय कमी लागते. लागत नाही असं नाही. वर्षानुवर्षं गम न सोडू शकणारे लोक आहेत.

धुराबद्दलचं बरोबर आहे. कर्करोगाला मुख्यतः डांबर आणि धुरातली इतर रसायनं कारणीभूत, निकोटीन नव्हे. तरी त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो, गर्भाला ते घातक आहे आणि पंचविशीपर्यंत घडत असलेल्या मेंदूलाही.

निकोटीनचा खरा उपयोग सिगारेट सोडायला होतो, आणि तो मोठा आहे: वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यानुसार यशाची शक्यता 50 ते 60 टक्क्यांनी वाढते. रोज 10 हून जास्त ओढणाऱ्याने 21 मिलिग्रॅमच्या पॅचने सुरुवात करावी, सहा आठवड्यांनी 14, मग 7. नुसत्या पॅचपेक्षा, मध्ये तलफ आली की सोबत गम घेतलेला जास्त लागू पडतो. वापरलेल्या पॅचमध्येही निकोटीन उरतं. तो चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.