भांडवल लागत नाही म्हणणाऱ्यांनो, जरा इकडं या

परवा गल्लीतली एक सून घरी आली, हातात मोबाईल, त्यात कुणीतरी फॉरवर्ड केलेलं बीमा सखीचं, म्हणजे बायकांना विमा एजंट करायच्या एलआयसीच्या योजनेचं, पोस्टर. म्हणाली, "काकू, तुम्ही इतकी वर्षं हेच करताय, खरं सांगा, यात भांडवल लागत नाही ना?" मी म्हणलं बस, आधी चहा टाकते. हा प्रश्न मला आत्तापर्यंत किती जणींनी विचारला असेल देव जाणे, आणि दरवेळी मी "नाही गं, परीक्षेची फी तेवढी" असं म्हणून वेळ मारून नेलीय. परवा नाही नेली. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. लांबलंय, घाई असेल त्यांनी पुढं सरका.

मी २०११ ला सुरू केलं. इचलकरंजीत. नवरा कापडाच्या मागांवर जॉबर होता, माग दुरुस्त करून चालते ठेवायचा, मालकानं निम्मे माग भंगारात घातले आणि याला घरी बसवलं, दोन पोरं शाळेत, आणि मी दुसऱ्यांच्या डब्याच्या चपात्या लाटत होते. तेव्हा विमा कंपनीचे एक विकास अधिकारी साहेब (एजंट नेमणारे) ओळखीतनं घरी आले. (कंपनीचं नाव लिहीत नाही, गरज पण नाही, सगळीकडं हेच चालतं.) म्हणाले, वहिनी, किराणा दुकान टाकायचं तर डिपॉझिट पाहिजे, भाडं पाहिजे, माल भरायला पाहिजे, इथं काय पाहिजे? एक पेन आणि एक पिशवी!

कागदावर बघाल तर साहेब खोटं बोलत नव्हते. आताच्या नियमानं दहावी पास पाहिजे, अठरा पूर्ण पाहिजेत, ट्रेनिंग (तेव्हा ५० तासांचं होतं, आता २५ तासांवर आलंय) आणि मग एजंटची परीक्षा, तिला आता आयसी-३८ म्हणतात. ५० प्रश्न, ३५ टक्क्यांना पास, म्हणजे १८ बरोबर आले की झालं, मराठीतनं देता येते. माझ्यासारखी लग्नानंतर पुस्तक न उघडलेली बाई पास झाली, तुम्ही पण व्हाल. अवघड ते नाहीच.

अवघड काय ते पुढं कळतं. साहेबांनी ओळखीच्या शंभर जणांची यादी काढायला लावली. पहिली पॉलिसी माझी स्वतःची, दुसरी नवऱ्याची, तिसरी भावाची, चौथी नणंदेची, तिनं नाक मुरडत घेतली आणि अजून ऐकवते. पाचवी, सहावी मावशीकडं. इथं यादी संपली, कारण उरलेली चौऱ्याण्णव माणसं ओळखीची होती पण त्यांच्याकडं पण माझ्याएवढेच पैसे होते. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. गरीब माणसाची यादी पण गरीबच असते. डॉक्टरांची बायको एजंट झाली तर तिच्या यादीत चार डॉक्टर, दोन सीए, माझ्या यादीत कांडीवाल्या (मागासाठी कांड्यांवर सूत भरणाऱ्या) बायका आणि मागावरची माणसं.

मागावरच्या माणसाकडं जायचं तर पगाराच्या दिवशी जायचं. तो म्हणणार, "ताई, पुढच्या पगाराला या की, आज उधारी भागवली." पुढच्या पगाराला गेलं की पाळी बदललेली असते, दिवसपाळीची रात्रपाळी झालेली असते, तो झोपलेला, बायको दारातनं सांगते उठवू नका ओ. एका सहीला चार हेलपाटे. सही झाली की वयाचा दाखला. शाळा सोडल्याचा दाखला गावाकडं, आधारवर जन्मतारीख १ जून, आमच्याकडं निम्मी माणसं १ जूनलाच जन्मलेली आहेत, गुरुजींची कृपा! झेरॉक्स कोण काढणार, फोटो कोण काढून देणार, मेडिकल निघालं तर त्याचा अर्धा दिवस बुडतो म्हणून गाडीवर बसवून कोण नेणार? मीच. पेट्रोल, रिचार्ज, झेरॉक्स, डिसेंबरात कॅलेंडरं... पेन आणि पिशवी म्हणे.

आणि आता कमिशन. बोर्डावर शिकवताना वर्षाचा हप्ता धरून शिकवतात. १२,००० चा हप्ता, २८ टक्के, झाले ३,३६० रुपये. (एलआयसीत पूर्वी एंडोमेंटला, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या पॉलिसीला, बोनस कमिशन धरून ३५ पर्यंत जायचं, १ ऑक्टोबर २०२४ पासून ते २८ वर आलं आणि पुढच्या वर्षांचं ५ चं साडेसात झालं. जुन्या एजंटांनी बोंबाबोंब केली, मी पण केली, पण खरं सांगायचं तर पुढचं वाढलं ते बरं झालं.) पण वर्षाचे १२,००० एकदम भरणारा माणूस माझ्या यादीत होता कुठं? आमचं गिऱ्हाईक महिन्याचं. महिन्याला १,०००, म्हणजे २८० रुपये, आणि ते पण त्यानं भरले तर. चार हेलपाट्यांवर आणि मेडिकलला नेण्यावर महिन्याला २८०.

म्हणून मी म्हणते भांडवल लागतं. पहिलं वर्ष, खरं तर दीड वर्ष, घरात या धंद्याचा एक रुपया न येता चूल पेटली पाहिजे, हे ते भांडवल. दुकानवाल्याला निदान माहीत असतं की आपण दोन लाख घातलेत. आपल्याला कळतच नाही आपण काय घातलं, कारण ते चपलांतनं, भिशीतनं आणि नात्यांतनं गेलेलं असतं.

माझं भिशीतनं गेलं. पहिल्याच वर्षाचा मार्च, क्लोजिंग, म्हणजे वर्षाचं टार्गेट पुरं करायची शेवटची तारीख जवळ. एजन्सी टिकवायला वर्षाला १२ पॉलिसी पाहिजेत, माझ्या नऊ. साहेबांचा दिवसातनं तीनदा फोन. ओळखीचे तिघे म्हणाले, ताई आम्ही सह्या करतो पण पहिला हप्ता तुम्ही भरा, नंतरचे आम्ही बघतो. मी भिशी उचलली आणि तिघांचे तिमाही हप्ते भरले, दीड-दीड हजार, साडेचार हजार रुपये. टार्गेट झालं, टाळ्या झाल्या, स्टेजवर बोलावून स्टीलचा डबा दिला. (तो डबा अजून आहे, त्यात हळद ठेवते.) जूनमध्ये तिघांपैकी एकानंही दुसरा हप्ता भरला नाही. तिन्ही लॅप्स, म्हणजे पॉलिसी बंद पडल्या. कमिशनचे जेमतेम दीड हजार हातात आले, तीन हजार गेले, आणि भिशीचे हप्ते पुढं आठ महिने फेडले.

नंतर कळलं की हा नुसता वेडेपणा नव्हता, कायद्यानं गुन्हा पण होता. विमा कायदा १९३८, कलम ४१, कमिशन सोडायचं नाही, हप्त्यात सूट द्यायची नाही, २०१५ च्या दुरुस्तीत तर दंड दहा लाखांपर्यंत नेला. हे प्रपोजल फॉर्मवरच छापलेलं असतं, मी शंभर फॉर्म भरले आणि वाचलं नव्हतं. आजही गिऱ्हाईक बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारतं, "किती सोडताय?" जसं काय भाजी आहे. खात्यापित्या घरचा एजंट सोडतो पण, त्याला परवडतं. मी सोडलं तर मी काय खाऊ?

पण हे सगळं मी सोसलं ते सोसलं, त्याचं काही नाही. जे मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते सांगायला मला लाज वाटते.

भुकेला एजंट चुकीची पॉलिसी विकतो. मुद्दाम नाही, पण विकतो. मागावर काम करणारा एक माणूस, दोन पोरी, मी त्याला २०१३ मध्ये एक लाखाची एंडोमेंट दिली. टर्म (बचत नाही, नुसता विमा, थोड्या हप्त्यात मोठं कव्हर) त्याला मिळाली नसती, उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि मागावरच्या माणसाकडं कुठला आयटीआर आणि कुठली पगाराची स्लिप. ठीक. पण ९ मे २०१५ ला सरकारची जीवन ज्योती विमा योजना आली. तेव्हा ३३० रुपये वर्षाला, आता ४३६ झालेत, दोन लाखांचं कव्हर, बँक खात्यातनं परस्पर कापून जातात. त्याचं खातं होतं, मीच एनईएफटीच्या फॉर्मवर खाते नंबर लिहिला होता. मी त्याला दर हप्त्याला भेटत होते, नोटाबंदीत मागवाल्यांना रोखीनं पगारच मिळेनात तेव्हा हप्ता चुकू नये म्हणून पाठी लागत होते, पण बँकेत जाऊन त्या फॉर्मवर एक सही कर एवढं मी म्हणले नाही. का? कारण त्यात मला काही मिळत नव्हतं. आणि मनात हे पण होतं की ३३० मध्ये दोन लाख मिळतात कळलं तर हा म्हणेल, मग तुमची कशाला भरू.

२०१७ ला तो गेला. हार्ट अटॅक, रात्रपाळीत. पॉलिसीला तीन वर्षं उलटून गेली होती त्यामुळं फार चौकशी झाली नाही, क्लेम मी स्वतः पळून मिळवून दिला, एक लाख आणि वर बोनस. त्याची बायको मला म्हणाली, ताई तुमच्यामुळं झालं, आमास्नी काय कळतंय यातलं. चहा दिला. मी तो चहा कसा प्यायले मलाच माहीत. दोन लाख अजून आले असते त्या घरात. एका सहीनं.

त्या दिवसापासनं मी पहिली बैठक जीवन ज्योतीनंच सुरू करते. गिऱ्हाईकाला आधी बँकेत पाठवते, मग माझं बोलते. काही परत येत नाहीत, नाही आले तर नाही. जे येतात ते मात्र लॅप्स करत नाहीत. पण हे मला कधी जमलं? घरात चपात्यांचे पैसे येत होते तेव्हा. मी चपात्या कधीच सोडल्या नाहीत, उलट दोन बायका हाताखाली घेतल्या. पोटात अन्न असलं की माणसाला खरं बोलता येतं हो, नाहीतर मार्च महिन्यात कोण हरिश्चंद्र होतंय?

आता बीमा सखीचं. ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतला पंतप्रधानांनी सुरू केली, पहिल्या वर्षी महिना ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. मला ही योजना आवडली, खोटं कशाला बोलू, २०११ ला मला कुणी असे सात हजार दिले असते तर ती भिशी बुडाली नसती. कुणाला तरी कळलं की नव्या बाईला आधी जगायला लागतं. पण पोस्टरवर सात हजार मोठ्या अक्षरात असतात आणि अटी बारीक. वर्षाला २४ पॉलिसी, म्हणजे महिन्याला दोन, दिवाळीला पण आणि पोरांच्या परीक्षेला पण. वर पहिल्या वर्षाच्या कमिशनची अट वेगळी. आणि दुसऱ्या वर्षीचे सहा हजार पाहिजेत तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू पाहिजेत. ही नोकरी नाही, पगार नाही, स्टायपेंड आहे. जिनं माझ्यासारखे दुसऱ्यांचे हप्ते भरून २४ पूर्ण केले तिचं दुसऱ्या वर्षी काय होणार हे मला इथं बसून दिसतंय.

हे सगळं ऐकून ती पोरगी गप्प बसली. मला वाटलं आता उठून जाईल. तर म्हणते, "काकू, माझं शिलाई मशीन आहे, महिन्याला चार-पाच हजार सुटतात. ते ठेवून केलं तर?" मी म्हणलं मशीन विकलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. आणि शंभर नावांची यादी काढू नकोस, आधी स्वतःची जीवन ज्योती चालू आहे का ते पासबुकात बघ. बघितलं तर नव्हती. नवऱ्याची पण नव्हती.

सोमवारी तिला घेऊन बँकेत जायचंय, तिथनं तसंच पुढं एजन्सीचा फॉर्म भरायला. पेट्रोल तिनं टाकायचं असं ठरलंय.