वॉबल पातं की स्टॅक सेट: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही वेळ काढून एवढं लिहिलंत, तर चार ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी टेबल सॉसाठी (टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याच्या करवतीसाठी) परवडणारा डेडो सेट, म्हणजे शेल्फ बसवायची रुंद खोबण कापणारी पाती, म्हणून सहा इंची स्टॅक सेट सुचवला. स्टॅक म्हणजे एकाला एक लावून बसवलेल्या अनेक पात्यांचा सेट. त्यावर तुम्ही लिहिलंत की निम्म्या पैशांत वॉबल, म्हणजे तिरकं बसणारं एकच, पातं मिळतं, तुमचं टेक्सासच्या गराजमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे, ओक आणि पाइनची कितीतरी बुकशेल्फं त्यावर झाली, आणि शेल्फ आत बसल्यावर खोबणीचा तळ बघायला कोण येतं? दुसरा आक्षेप असा की स्टॅक घ्यायचाच तर आठ इंची घ्यावा, सहा इंची म्हणजे पैसे पाण्यात. स्टॅकच्या शिमची, म्हणजे पात्यांमध्ये घालायच्या पातळ चकत्यांची, भानगडही तुम्हाला नको. आणि धार लावायचा खर्च मी लेखात धरलाच नाही.

तुमच्या अनुभवाबद्दल मला जराही शंका नाही. पण तो अनुभव अख्ख्या लाकडाचा आहे. मला लिहिणारे बहुतेक वाचक प्लायवूडची कपाटं करतात, आणि वॉबल पात्याचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

तळाचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे. वॉबलमध्ये एकच पातं आर्बरवर, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्यावर, तिरकं बसतं आणि फिरताना डावी-उजवीकडे झुलतं. तिरकं असल्यामुळे खोबणीच्या मध्यावर ते जास्त खोल जातं, कडांना कमी. आठ इंची पात्यावर पाऊण इंच रुंदी लावली तर मध्य आणि कडा यांत साधारण ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे शेल्फचं टोक दोन्ही कडांवर टेकतं आणि मध्ये पोकळी राहते. पांढरा-पिवळा गोंद अशी पोकळी नीट भरून काढत नाही. तरीही शेल्फवरच्या पुस्तकांचा भार खोबणीची खालची भिंत पेलते, तळ नाही. त्यामुळे नुसत्या गोल तळापायी मी कुणाचं वॉबल पातं टाकून द्यायला सांगणार नाही. समोर फेस फ्रेम, म्हणजे कडा झाकणारी लाकडी चौकट, लावलीत, तर तो तळ दिसतही नाही.

खरी अडचण भिंतींची आहे. स्टॅक सेटमध्ये दोन्ही बाजूंना दोन पूर्ण पाती असतात. प्रत्येकाला चोवीस दात असतील, तर एका फेरीत खोबणीच्या प्रत्येक भिंतीला चोवीसही दात लागतात. वॉबलमध्ये डावी भिंत फक्त तेच मोजके दात कापतात, जे तिरक्या पात्यावर डाव्या टोकाला येतात. उजवीकडेही तेच. बाकीचे दात मधला माल खात बसतात. म्हणजे पाकिटावर दातांचा आकडा कितीही मोठा असो, कडेला काम करणारे दात थोडेच. अख्ख्या ओकमध्ये हे खपून जातं. प्लायवूडच्या वरचा चांगल्या लाकडाचा पापुद्रा मात्र अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि आडव्या कापात त्याचे ढलपे उडतात. शेल्फ आत गेलं तरी खोबणीच्या दोन्ही ओठांवरची ती फाटलेली कड तशीच राहते, कपाटाचं दार उघडलं की समोर. तळ कोणी बघत नाही, ही कड सगळे बघतात.

दुसरी अडचण रुंदीची. होम सेंटरमधून पाऊण इंची म्हणून आणलेला प्लाय कॅलिपरने मोजून बघा. तो बहुधा २३/३२ इंच भरतो, म्हणजे ०.७१९. पाऊण इंचाच्या खोबणीत तो जवळजवळ पाऊण मिलिमीटर खुळखुळतो. आता स्टॅकचं गणित बघा. बाहेरची दोन पाती प्रत्येकी १/८ इंच, मधले तीन चिपर, म्हणजे मधला माल काढणारी मोजक्या दातांची पाती, प्रत्येकी १/८, झाले ५/८ इंच. त्यात ३/३२ चा एक चिपर घातला की बरोबर २३/३२! म्हणून सेट घेताना पेटीत ३/३२ चा चिपर आहे का, हे मी सगळ्यात आधी बघते. नसेल तर १/१६ चा चिपर घालायचा आणि उरलेली फट शिमनी भरायची, एक ०.०२० इंचाची आणि एक ०.०१२ इंचाची. एकदा जमलं की कोणता तुकडा कुठे बसला ते कागदावर लिहून पेटीत ठेवायचं. पुढच्या वेळी त्याच जाडीच्या प्लायला तीच मांडणी, फार तर एक चाचणी काप. वॉबलला पात्याच्या मध्यावरचा हब फिरवायचा, नट आवळायचा, कापून बघायचं, पुन्हा सैल करायचं. केसभर फिरवलं तर किती रुंदी वाढेल याचा अंदाज बांधता येत नाही. आणि ती मांडणी मोडली की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

शिमची भानगड नको, असं तुम्ही म्हणता, ते समजू शकते. शिम लावताना ती आर्बरच्या आट्यांमध्ये घसरून चेमटते आणि अख्खा स्टॅक तिरका आवळला जातो. त्यावर उपाय म्हणजे नट आवळताना शिम बोटाने वर धरून ठेवायची. चिपरचे दात बाहेरच्या पात्यांच्या दातांना टेकू द्यायचे नाहीत, दोन दातांमधल्या खाचेत येतील असे फिरवायचे. शिम हरवल्या तर पत्त्यांच्या जुन्या कॅटमधला पत्ता भोक पाडून वापरा, तो साधारण ०.०१२ इंचच असतो. अर्थात हे सगळं प्लग काढून ठेवल्यावर.

आता सहा की आठ. इथे मी माझ्या मतावर ठाम आहे. दहा इंची सॉवर आठ इंची सेट जवळपास दोन इंच खोल जातो, सहा इंची साधारण एक इंच. पाऊण इंची बाजूपट्टीत खोबण किती खोल घ्यायची? पाव इंच, फार तर ३/८. मग उरलेल्या खोलीचे पैसे कशाला मोजायचे? शिवाय पाहिजे तिथे उचलून नेता येणाऱ्या पंधरा अँपिअरच्या सॉवर आठ इंचीचा पूर्ण स्टॅक म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मोटर कुरकुरत वेग धरते. सहा इंची हलका असतो, चट्कन वेग घेतो. त्याच्या दातांचा वेग मात्र कमी पडतो, म्हणून लाकूड थोडं सावकाश ढकलायचं, एवढंच पथ्य.

अपवाद आहेत. सॉस्टॉप (बोट लागताच पातं थांबवणारा सॉ) असेल तर डेडोसाठी वेगळं ब्रेक कार्ट्रिज लागतं, आणि ते आठ इंची सेटसाठी बनवलेलं आहे. तिथे सहा इंचीचा विचारच नको. जाड लाकडात खोल खाचा घ्यायच्या असतील, तरीही आठ. आणि विकत घेण्याआधी आपल्या सॉचं मॅन्युअल उघडा. डिवॉल्टचा दहा इंची ७४९१ डेडो घेतो, १३/१६ इंच रुंदीपर्यंत. त्याच कंपनीचा लहान ७४८५ डेडो घेतच नाही. नटाचे सगळे आटे आर्बरवर बसत नसतील, तर तो स्टॅक त्या सॉसाठी नाही. तिथे तडजोड करायची नाही.

परवडण्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे दादा, की पैसे व्यासात वाचवा, नावात वाचवा, गरज नसेल तर दातांतही वाचवा. रंग देणार असाल, पॉप्लर किंवा पाइन कापणार असाल, तर फ्रॉइडचा बारा दाती सेट पुरतो. प्लायवूडच जास्त असेल तर ओशलनसारखा जास्त दातांचा सेट घ्या. दोन्ही शंभर डॉलरच्या आगेमागे येतात. फॉरेस्टच्या सेटचा तळ आरशासारखा येतो, पण त्याची किंमत तीनशेच्या वर, आणि गराजमध्ये हौसेने काम करणाऱ्याला मी तो सांगणार नाही. खोबण बनते कशी, यात मात्र काटकसर नको. पन्नास डॉलर वाचवून शंभर डॉलरच्या वॉलनट प्लायच्या कडा फाडून घेण्यात मला काटकसर दिसत नाही.

आयुष्यात एकच बुकशेल्फ करायचं असेल तर काहीच घेऊ नका. राऊटर (फिरत्या बिटने खोबण कोरायचं हातातलं यंत्र) आणि सरळ पट्टी असली की २३/३२ च्या प्लायवूड बिटने काम होतं. राऊटरही नसेल तर नेहमीच्या पात्याने सॉची फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची सरकती पट्टी, सरकवत पाच-सहा काप घ्या आणि तळातल्या रेघा पटाशीने साफ करा. पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. तिकडे मिळणाऱ्या बऱ्याच सॉचा आर्बर आखूड असतो आणि पात्याचं भोक २५.४ किंवा ३० मिलिमीटरचं. अमेरिकन सेटचं भोक ५/८ इंच, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. तो तिथे बसणारच नाही, आणि भोक मोठं करून बसवायचा उद्योग कृपया करू नका.

तुमचं वॉबल पातं चांगलं चाललंय, तर ते ठेवाच. प्लाय कापायची वेळ आलीच तर खोबणीच्या दोन्ही रेघा आधी धारदार सुरीने पापुद्र्यापार खोल ओढून घ्या, मागच्या कडेला टाकाऊ फळी लावा आणि एकाच कापात पूर्ण खोली घेऊ नका. फरक लगेच दिसेल. आणखी एक, डेडो लावताना गार्ड आणि रायव्हिंग नाइफ (काप मिटू न देणारी पात्यामागची पट्टी) दोन्ही निघतात, त्यामुळे लाकूड ढकलायचा पुश ब्लॉक आणि ते दाबून धरणारा फेदरबोर्ड हवेतच, पातं कुठलंही असो.

राहिली धार. बरेच धारवाले दातावर पैसे घेतात, म्हणून चोवीस दातांच्या दोन पात्यांना बारावाल्यांच्या दुप्पट खर्च येतो, वर चिपरचे वेगळे. सेट नेहमी अख्खा द्यायचा. फक्त बाहेरची पाती घासून आणली तर त्यांचा व्यास चिपरपेक्षा कमी होतो आणि तळाला पायऱ्या पडतात. बरेचदा मात्र धार गेलेली नसते, दातांवर राळ चढलेली असते. ती ब्रशने आणि क्लीनरने काढून एक काप घेऊन बघा, मगच पाती धारवाल्याकडे न्या.