‘शून्य पराभव’ म्हणजे नेमकं काय कमावलं?

आपला बॉक्सर निशांत देव, त्याची पहिली प्रो (म्हणजे व्यावसायिक) लढत जानेवारी 2025 मध्ये लास वेगासला झाली. समोर अॅल्टन विगिन्स नावाचा अमेरिकन बॉक्सर होता. पहिल्याच फेरीत निशांतने त्याचा खेळ आटोपला. त्यावर आपल्याकडच्या कॉमेंट्स दोनच प्रकारच्या. एक, ‘भारताचा वाघ’ वगैरे. दोन, ‘कुणातरी ऐऱ्यागैऱ्याला उभं केलं आणि बडवलं, त्यात काय मोठं?’ पहिल्या प्रकाराला आपला नमस्कार. दुसऱ्या प्रकारवाल्यांशी मात्र मला भांडायचंय, कारण ही मंडळी स्वतःला बॉक्सिंग कळतं असं समजतात.

गावच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान बघितलंय ना? सकाळी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग पन्नास-शंभराच्या, आणि दिवस कलल्यावर मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती. रेवड्यांवर लढणाऱ्या पोराला कुणी ‘अरे, केसरीला भिड की’ म्हणत नाही. वस्ताद जोड बघतो, मगच कुस्ती लावतो. प्रो बॉक्सिंगची पहिली दोन-तीन वर्षं म्हणजे हेच.

पण हा तर ऑलिंपिकमध्ये क्वार्टर फायनलपर्यंत गेलेला, याला कशाला रेवड्या? कारण खेळ बदलतो. हौशी बॉक्सिंग म्हणजे तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. नऊ मिनिटांत जे काय करायचं ते. त्यामुळे पहिल्या सेकंदापासून वेग, ठोसा लावला की बाहेर, परत आत. प्रोमध्ये सुरुवात चार किंवा सहा फेऱ्यांनी, मग आठ, दहा आणि मोठ्या पट्ट्यासाठी, म्हणजे जगज्जेतेपदासाठी, बारा. म्हणजे छत्तीस मिनिटं. हौशीत ग्लोव्हज दहा किंवा बारा औंसांचे, इथे आठ किंवा दहा. वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे काट्यावर सुकलेला गडी दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये भलताच भरलेला दिसतो. आणि बरगड्यांखाली, यकृतावर बसणारा ठोसा! तीन फेऱ्यांत त्याचा हिशोब लागत नाही. सातव्या-आठव्या फेरीत पाय जड होतात तेव्हा पहिल्या फेरीतले ते ठोसे व्याजासकट वसूल होतात.

हे सगळं एका रात्रीत दाखवून देणारी लढत म्हणजे वासिल लोमाचेंको विरुद्ध ओर्लांडो सालिदो, सॅन अँटोनियो, 1 मार्च 2014. लोमाचेंको दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मालक. हौशी कारकिर्दीत 396 विजय आणि एकच हार. त्या एका हारीचीही नंतर परतफेड केलेली. त्याला पहिल्याच प्रो लढतीत जागतिक पट्टा हवा होता. ती संधी मिळाली दुसऱ्या लढतीत. समोर पट्टा राखून असलेला मेक्सिकोचा सालिदो, खात्यावर बारा पराभव. कागदावर बघितलं तर हसू यावं अशी जोड.

सालिदो वजनातच नापास झाला. 126 पौंडांची मर्यादा, हा सव्वादोन पौंड जास्त. त्याचा पट्टा काट्यावरच गेला, पण लढत झाली. रात्री रिंगमध्ये उतरताना तो लोमाचेंकोपेक्षा अकरा पौंडांनी जड होता. आणि मग त्याने लोमाचेंकोला शाळेत न शिकवलेलं सगळं शिकवलं. डोकं छातीला लावून दोरांकडे रेटायचं, मिठी मारून एक हात मोकळा ठेवायचा, त्या हाताने पोटात आणि पोटाच्या खालीही हाणायचं. रेफरीने एकही गुण कापला नाही. लोमाचेंको पहिल्या निम्म्या लढतीत नुसता बघत राहिला. शेवटच्या फेऱ्यांत त्याची गाडी रुळावर आली, बाराव्या फेरीत सालिदो अक्षरशः मिठ्या मारून उभा होता. पण तीन पंचांचा निकाल दोन-एकने सालिदोकडे. 397 लढतींत एकदा हरलेल्याला बारा वेळा हरलेल्याने शिकवलं, आणि मला विचाराल तर ते बारा पराभव होते म्हणूनच शिकवू शकला. पुढच्याच लढतीत, जूनमध्ये, लोमाचेंकोने गॅरी रसेल ज्युनियरला हरवून पट्टा घेतलाच. पण तो लोमाचेंको. बाकीच्यांनी ही नक्कल करू नये.

पीट रॅडेमाकरने करून बघितली होती. 1956 चा हेवीवेट सुवर्णविजेता, पहिलीच प्रो लढत थेट जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनशी, सिअॅटलमध्ये. दुसऱ्या फेरीत पॅटरसनला पाडलं सुद्धा! सहाव्या फेरीत स्वतः बाद.

आता उलटं उदाहरण घ्या. शुगर रे लेनर्ड, 1976 चं सुवर्ण. त्याच्या जोड्या बघायला अँजेलो डंडी होता, तोच जो मुहम्मद अलीच्या कोपऱ्यात उभा असायचा. फेब्रुवारी 1977 मध्ये पहिली लढत, सहा फेऱ्यांची. नोव्हेंबर 1979 मध्ये विल्फ्रेड बेनिटेझविरुद्ध जागतिक पट्ट्यासाठी उतरला तेव्हा त्याच्या गाठीशी पंचवीस लढती होत्या. तीन वर्षांच्या आत पंचवीस! कुणी उंच, कुणी डावखुरा, कुणी नुसता रेटणारा, कुणी हरायला आलेला पण अनुभवी.

आणि आता आपला विजेंदर सिंग. इथे माझा खरा राग आहे. विजेंदरवर नाही, त्याच्याभोवतीच्या बाजारावर.

ऑक्टोबर 2015 मध्ये मँचेस्टरला त्याने सुरुवात केली, तिशीला काही दिवस बाकी असताना. उशीरच होता, पण सुरुवात झकास होती. मँचेस्टरमध्ये मुक्काम, ली बिअर्डसारखा प्रशिक्षक, आणि नऊ महिन्यांत सात लढती. सातवी जुलै 2016 मध्ये दिल्लीत, केरी होपविरुद्ध, पूर्ण दहा फेऱ्या आणि आशिया पॅसिफिकचा पट्टा. इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग पट्टा आला, जाहिराती आल्या, ‘अपराजित’ हे बिरूद आलं. पुढच्या साडेचार वर्षांत लढती किती? सहा. 2018 हे अख्खं वर्ष कोरडं. वरळीच्या डोममध्ये ऑगस्ट 2017 ला चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवलं तेव्हा डोकलामचा तणाव होता, देशभक्तीचा नुसता पूर. लढत मात्र काठावर सुटली, आणि दमलेला विजेंदर सगळ्यांना दिसला होता. त्यावर कुणी बोललं नाही, कारण रेकॉर्डमधला तो शून्य जपायचा होता. शेवटी मार्च 2021 मध्ये पणजीला, मांडवीतल्या कसिनो जहाजाच्या छतावर, रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत तो शून्य फोडला. सोळा महिने रिंगबाहेर असलेला पस्तिशीचा बॉक्सर दुसरं काय करणार होता?

म्हणून ‘सोप्या लढती दिल्या’ हा आरोप मला पटत नाही. सोप्या नाही, कमी दिल्या.

विकास कृष्णचं आणखी वेगळं. 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्यात दोन प्रो लढती जिंकल्या आणि टोकियो ऑलिंपिकसाठी परत हौशीत. तिथे पहिल्याच लढतीत बाहेर. त्याला दोष देता येत नाही. आपल्याकडे पदक म्हणजे नोकरी, रेल्वे, पोलीस, सेना. प्रो म्हणजे काय? चार फेऱ्यांच्या लढतीच्या मानधनात महिन्याचा खुराकही सुटत नाही. इंग्लंडातसुद्धा छोट्या हॉलमधला नवखा बॉक्सर स्वतः तिकिटं विकतो आणि त्यातून समोरच्याचे पैसे निघतात. फरक एवढाच की तिथे समोरचा मिळतो.

त्या ‘समोरच्या’चं नाव घ्यायचं तर पीटर बकली, बर्मिंगहॅमचा. 300 प्रो लढती, 256 पराभव. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही त्याच्याशी लढलेला. बकली फारसा बाद व्हायचा नाही. पोरांना फेऱ्या द्यायचा, एखादा जास्त उड्या मारायला लागला की जॅबने (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाने) जमिनीवर आणायचा, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात हजर. 2008 मध्ये तीनशेवी लढत जिंकून निवृत्त झाला. आपण असल्या माणसाला ‘लूझर’ म्हणू. तिथल्या प्रशिक्षकांना विचारा त्याची किंमत.

आपल्याकडे पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, हरियाणाभर आखाडे आणि अकादम्या आहेत, हौशी बॉक्सर ढिगाने आहेत. राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरणारा पंचवीस वर्षांचा पोरगा, जो पदक आणणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं, तो बॉक्सिंग सोडून जिममध्ये ट्रेनर होतो. त्याला महिन्याला एक चार फेऱ्यांची लढत आणि रीतसर पैसे मिळाले तर उद्याच्या निशांतला सराव करायला अमेरिकेत जायला नको. पण प्रायोजकाला पट्टा हवा, ‘किताबी लढत’ हवी, पोस्टरवर हिरो हवा.

तेव्हा मंडळी, मुंबई-पुण्यात कुणी विनापट्ट्याचं, साध्या चार-सहा फेऱ्यांच्या लढतींचं कार्ड, म्हणजे एका रात्रीचा कार्यक्रम, लावत असेल तर मला टॅग करा. तिकीट काढून येतो. फुकटचा पास नको.