‘नुसतं बघणं गुन्हा नाही’: या मेसेजात काय गाळलंय?

नवा सिनेमा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरू लागतो. मतितार्थ असा: पायरसीची कॉपी नुसती पाहणं गुन्हा नाही, हायकोर्टानंच सांगितलंय, व्हीपीएन लावा, निर्धास्त राहा, आणि मराठी सिनेमाची तर यातून फुकट जाहिरातच होते.

हायकोर्टाची गोष्ट खरी आहे. ब्लॉक केलेल्या साइटवर ‘पाहिलंत तरी शिक्षा’ अशा सुराचा इशारा दिसायचा. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्याची भाषा दुरुस्त करायला लावली. गुन्हा पाहण्यात नाही. विनापरवाना वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्यानं देण्यात आहे. मेसेज यातल्या पहिल्या वाक्यावरच थांबतो.

टॉरेंटवर ‘नुसतं बघणं’ असा प्रकारच नसतो. फाइलचे तुकडे तुमच्याकडे उतरत असतानाच ते तुमच्याकडून इतरांना जात असतात, म्हणजे तुम्ही वाटत असता. शिवाय तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, ती फाइल घेणाऱ्या कुणालाही पाहता येतो. जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांना यावरूनच वकिलाची पत्रं येतात, शेकडो युरोंची मागणी करणारी. फॅमिली ग्रुपवर फाइल ढकलणं हेही वाटणंच. थिएटरात मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनुसार किमान 3 महिने, कमाल 3 वर्षं कैद आहे. दंड 3 लाखांपासून निर्मितीच्या लेखापरीक्षित खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत. आणि डिजिटल प्रोजेक्टर पडद्यावरच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण मिसळतो, तीत ठिकाण आणि वेळ असते. कॉपी कोणत्या थिएटरातून, कोणत्या खेळातून आली हे त्यावरून काढता येतं.

आता व्हीपीएन. तो आयपी लपवतो, फोन वाचवत नाही; आणि प्रेक्षकाला खरी भीती पोलिसांची नाहीच. साइटवर ‘प्ले’ दाबलं की ‘प्लेअर अपडेट करा’ म्हणत एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये नवं सॉफ्टवेअर बसवणारी फाइल, उतरतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची. पहिलीनं ओटीपी जातो. दुसरीनं स्क्रीनवरचं वाचता येतं आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबता येतात. सिनेमा दाखवायला यातलं काहीच लागत नाही. कॉम्प्युटरवर फाइलचा आकार बघा: दोन तासांचा 1080पी सिनेमा साधारण दीड ते तीन जीबी भरतो, 8 एमबीत तो मावणार कसा? विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे प्रकार सांगणारं शेपूट, मुळातच लपवून ठेवतं, म्हणून ‘डॉट एमकेव्ही डॉट ईएक्सई’मधलं ईएक्सई दिसतच नाही; फाइल व्हिडिओ वाटते, असतो प्रोग्राम.

अ‍ॅप टाकून बसला असाल तर आधी फोन विमान मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदला. अ‍ॅप निघत नसेल तर ते सेटिंग्जमधल्या ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ यादीत बहुधा बसलेलं असतं; तिथून हटवा, मग अनइन्स्टॉल, शेवटी फॅक्टरी रीसेट. उशीर महाग पडतो: रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाच्या माथी.

राहिली फुकटची जाहिरात. मराठी सिनेमाचे खेळ पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर टिकतात किंवा कापले जातात, आणि कॉपी नेमकी त्याच दोन दिवसांत फिरते. तोंडी प्रसिद्धी पसरेपर्यंत गावातला खेळच गेलेला असतो. पुढं ओटीटी आणि टीव्हीच्या हक्कांचा भाव ठरवताना विकत घेणारा थिएटरातला हाच घटलेला गल्ला पुढे करतो. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना थिएटरबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टीचा हक्क दिला. टीव्हीवर सिनेमा लागला तर त्यांना मागण्यासारखं काही असतं, टेलिग्रामच्या चॅनेलकडे मात्र हिशेब मागायला कुणाचं नावच नसतं.