मोंतोनेतला माणगावकर

मध्यंतरी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. कुणीतरी माणगावच्या तहसील कचेरीबाहेरच्या यशवंत घाडगेंच्या पुतळ्याचा फोटो टाकला. घाडगे म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढताना इटलीत पडलेला माणगावकर. चुलतभावाचा लगेच शेरा आला : "इंग्रजांचा पगार खाल्ला, इंग्रजांसाठी मेला. अभिमान कसला?" त्यावर दुसऱ्याने भगवा झेंडा आणि तीन वाघ टाकले. विषय संपला, दोघेही जिंकले.

मी इटलीत पेरुजा शहरात राहतो. नाईक (हा त्याचा फौजेतला हुद्दा) यशवंत घाडगे पडला ते टायबर नदीचं वरचं खोरं माझ्या घरापासून गाडीने पाऊण तास. लहानपणी महाडला जाताना आमची एसटी माणगावात हटकून अडकायची, पण तिथे त्याचा पुतळा आहे हे मला कळलं ते इटलीत. २०२३ साली इथल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं तेव्हा.

१० जुलै १९४४. ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन चढाई करत होती. अगदी जवळून जर्मन मशीनगन सुरू झाली आणि यशवंतच्या हाताखालच्या सेक्शनमधला, म्हणजे छोट्या तुकडीतला, एकूण एक माणूस मेला किंवा जखमी झाला. उरला हा एकटा. तो थेट गनवर धावून गेला. ग्रेनेडने गन आणि गनर संपवला, आणखी एकाला टॉमीगनने उडवलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. नुकतीच झाडलेली नळी किती तापलेली असते, ते ठाऊक असणाऱ्याने हे वाक्य पुन्हा वाचावं. मग स्नायपरनी त्याला टिपलं, छातीत आणि पाठीत. वय २२. कबर नाही, इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, घ्यायला त्याची बायको गेली.

चुलतभावाचा प्रश्न खोटा नाही. त्याच जुलैत आझाद हिंद सेना इंफाळहून मागे हटत होती. पण कोकणात तेव्हा भाताचं खाचर पुरत नसेल, तर पोराला वाटा दोनच : मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. त्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी माणसं भरती झाली. त्यांतल्या कितीजणांनी साम्राज्याचा विचार केला असेल? भरतीच्या रांगेत कुणी देशभक्तीचा दाखला मागितला नाही. तो आपण आज मागतोय, मोबाइलवरून. आणि वाघवाल्यांनाही माणूस नकोच आहे, पुतळा पुरतो.

इकडे सगळे शहाणे आहेत असं मुळीच नाही. दर २५ एप्रिलला, मुक्तिदिनी, इथेही तीच भांडणं : कोण हुकूमशहा मुसोलिनीचा, कोण त्याच्याविरुद्ध लढलेला पार्टिझान. पण माझ्या शेजारणीचे वडील १९४१ साली आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनला इटलीच्या बाजूने हिंदी फौजेविरुद्ध लढले, पकडले गेले आणि भोपाळच्या युद्धकैद्यांच्या कॅम्पात वर्षं काढून परतले. केरेनला समोर यशवंतचीच बटालियन होती. तीन वर्षांनी तीच शेजारणीच्या मुलखात मुक्तिदाती म्हणून आली! बाई ऐंशी पार केलेल्या, तरी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात, कुठलीच लपवत नाहीत.

मात्र तेव्हा भारत स्वतंत्र नव्हता हे मी त्यांना सांगितलं, तर त्या थबकल्या. सोडवायला आलेला स्वतः सुटलेला नव्हता, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी त्यांना घेऊन मोंतोनेला गेलो. ढग होते, घड्याळावर सावलीच पडेना. त्यांनी नाव बोटाने अक्षर अक्षर वाचलं, 'यश्वंत' म्हणाल्या. मग विचारलं, "लग्न झालं होतं?"

"हो. पदक बायकोच्याच हातात दिलं."

"तिने ते घरात कुठे ठेवलं असेल?"

देव्हाऱ्यात ठेवलं असेल, असं म्हणालो, आणि परतीच्या वाटेवर देव्हारा म्हणजे काय ते त्यांना सांगत बसलो.