‘दोन्ही डगरींवर हात’ या आक्षेपाला उत्तर

माणसामाणसांतले फरक इतिहासाने घडतात की अनुवंशाने, यावर विद्वानांचे एकमत का होत नाही, या विषयावरील माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक जळगावकर’ या नावाने आपण लिहिलेली दीर्घ प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. तिचा गाभा आपल्याच शब्दांत असा: ‘मास्तर, जनुकशास्त्राने हा प्रश्न कधीच निकालात काढला आहे. ते मान्य करायची धमक नाही, म्हणून तुम्ही दोन्ही डगरींवर हात ठेवून बसला आहात.’ त्याखेरीज लेख लांबला, इतिहासकार राजवाडे सुटले, प्राचीन अभीर राजवंशावर अन्याय झाला आणि माझ्या पिढीने नवे वाचणे सोडले आहे, अशीही कलमे आहेत.

मतभेदाचे मला वावडे नाही. उभे आयुष्य वर्गात गेल्यामुळे मागच्या बाकावरून येणाऱ्या शेऱ्यांचीही सवय आहे. परंतु स्वतःचे नाव लिहिण्याची तयारी नसताना दुसऱ्याची धमक मोजायला निघणे, आणि ज्याच्याशी वाद घालायचा त्याला पहिल्याच ओळीत ‘मास्तर’ म्हणून खाली बसवणे, ही वादाची रीत नव्हे. हाच मुद्दा सभ्य भाषेत मांडला असता तर त्याचे वजन कमी झाले नसते. उलट तो किती हलका आहे, हे कदाचित आपल्यालाच आधी दिसले असते.

एक गोष्ट मान्य करतो. हर्बर्ट रिस्ले यांच्या नाकमोजणीवर मी जरा जास्तच जागा खर्च केली आणि तिथे एखादा वाचक कंटाळला असेल तर त्याला बोल लावता येणार नाही. तरीही तो भाग गाळला असता तर आजचा वाद कळलाच नसता. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त असलेल्या रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण काढून जातींची उतरंड लावली आणि नाक जितके बसके तितका सामाजिक दर्जा खालचा, असा नियमच सांगून टाकला. मोजमापे होती, आकडे होते, तक्ते होते. त्या काळी यालाच विज्ञानाचा निकाल म्हणत. पुढे १९३२ साली समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी हे आकडे पुन्हा तपासले आणि हा नियम फार तर उत्तर हिंदुस्थानापुरता लागतो, मुंबई-मद्रासकडे तो कोलमडतो, हे दाखवून दिले. त्याच्या थोडे आधी इरावती कर्वे बर्लिनमध्ये मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असे गुरूंचे गृहीतक होते. मोजणीतून तसे काही निघत नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी प्रबंधात मांडला. परक्या देशात, आपली पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्याच मताविरुद्ध! धमकेचा विषय आपणच काढलात, म्हणून सांगितले.

आता जनुकशास्त्राकडे येतो, कारण त्या एका वाक्यावर आपली सारी भिस्त आहे. मी ते नाकारले, असे आपण परस्पर ठरवले आहे. लेखात तसे कुठेही नाही. २००९ साली डेव्हिड राइश, कुमारसामी थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी बहुतेक भारतीय समूहांत दोन प्राचीन वंशधारांचे कमी-अधिक मिश्रण दाखवले. हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळातले, आणि ते भिल्लांसारख्या समूहांतही झालेले आहे, असे २०१३च्या अभ्यासातून पुढे आले. २०१६ साली पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी भारताच्या मुख्य भूमीवर दोनऐवजी चार धारा सांगितल्या आणि जातीतल्या जातीत लग्ने करण्याची प्रथा अनेक समूहांत सुमारे ७० पिढ्यांपूर्वी घट्ट झाली, असा अंदाज दिला. दोन धारा की चार, यावर या शास्त्रज्ञांचेही एकमत नाही. तरी एवढे सगळे मला मान्य आहे. पण यातून कळते ते इतकेच, की कोणाचे पूर्वज कोणात केव्हा मिसळले आणि केव्हापासून त्यांनी मिसळणे बंद केले. आपल्या प्रतिक्रियेत ‘शुद्ध’ हे विशेषण ज्या सढळ हाताने वापरले आहे, त्याला यातला एकही अभ्यास आधार देत नाही.

शिवाय निकाल म्हणावा तर त्याचेही वाचन एक नाही. सप्टेंबर २०१९मध्ये हरियाणातील राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी सापडलेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनएवरचा निबंध आणि ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएवरचा निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्या स्त्रीमध्ये स्टेप प्रदेशातील, म्हणजे युरेशियाच्या गवताळ पट्ट्यातील, वंशाचा अंश सापडत नाही, असे पहिला सांगतो. तो अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५००च्या दरम्यान दक्षिण आशियात आला, असे दुसरा सांगतो. दोन्हींच्या लेखकांत पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांचे नाव आहे, आणि तरीही आर्यांच्या आगमनाचा सिद्धान्त खोटा ठरला, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. वास्तविक हे निबंध एकमेकांना छेद देतच नाहीत, कारण ती स्त्री त्या स्थलांतराच्या आधीची आहे. माझ्या मते स्थलांतराचा पुरावा अधिक भक्कम आहे. हे मी लेखातही स्पष्ट लिहिले होते; डगरींवर हात ठेवणारा माणूस असे लिहीत नसतो. तो परिच्छेद आपल्या नजरेतून सुटला असावा, असे सौजन्याने म्हणतो.

खरी गोम पुढे आहे. पूर्वजांच्या या मिश्रणावरून आपण थेट बुद्धीवर उडी घेता आणि ‘उंचीप्रमाणे बुद्धीही ऐंशी टक्के आनुवंशिक असते, पुढे सगळे ओघानेच आले’ असे लिहिता. ओघाने काहीही येत नाही. ही टक्केवारी एका समूहात, एका परिस्थितीत, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांमुळे आहे एवढेच सांगते; दोन समूहांमधला फरक कशामुळे पडला, याविषयी ती मुकी असते. युरोपात उंचीसाठी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास भरते, आणि त्याच युरोपात डच लोकांची सरासरी उंची दीडशे वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. एवढ्या अवधीत त्यांची जनुके बदलली नाहीत; खाणेपिणे आणि बालपणीचे आजार बदलले.

माझा जन्म रावेर तालुक्यातल्या केळीवाल्या घरातला आहे, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले सांगतो. आज बहुतेक बागांत जी-नाईन या वाणाची, प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली टिशू रोपे असतात, म्हणजे एकाच झाडाच्या जणू प्रतिकृती. तरी पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या एका मृगबागेत पंचवीस किलोची रास, म्हणजे घडाचे सरासरी वजन, पडते आणि बांधापलीकडे पंधराचे घड मिळायची मारामार असते. जमीन, ठिबकचे पाणी, खताची वेळ, मे महिन्यातला तडाखा. फरक तिथे असतो, कारण रोपांत तो नाहीच. या बागांत आनुवंशिकतेची टक्केवारी काढली तर ती शून्याजवळ येईल, आणि तरीही घड केळीचाच का येतो, याचे उत्तर जनुकांतच आहे. आपण ‘ऐंशी टक्के’ म्हणता तेव्हा या दोन गोष्टींची गल्लत करता. समूहांच्या बुद्ध्यंकांतील फरकामागे अनुवंश असावा, असे सुचवणाऱ्या आर्थर जेन्सन यांच्या १९६९च्या निबंधावर जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हीच गल्लत दाखवली होती. लेवॉन्टिन यांचे सगळेच मला पटते, असेही नाही. मानवी विविधतेपैकी ८५ टक्के समूहांच्या आतच असते, म्हणून समूह ओळखताच येत नाहीत, या त्यांच्या १९७२च्या निष्कर्षावर संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी २००३ साली घेतलेला आक्षेप रास्त आहे; अनेक जनुकीय खुणा एकत्र पाहिल्या की समूह ओळखता येतात. पण ओळखता येणे निराळे आणि उतरंड लावणे निराळे.

अनुवंश काय करू शकतो, हे मला पुस्तकातूनच कळले, असे आपण समजू नये. नंदुरबार जिल्ह्यात मी जीवशास्त्र शिकवत असताना वर्गात धडगावकडचा एक मुलगा होता. थंडी पडली की दिवसेंदिवस गायब असायचा, आणि आला की सांधे दुखतात म्हणून बाकावर डोके टेकून बसायचा. ‘यांच्या रक्तातच शिक्षण नाही,’ असे एक सहकारी शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता म्हणाले होते, आणि कोणालाही त्यात वावगे वाटले नव्हते. पुढे आरोग्य शिबिरात त्याच्या रक्ताची आधी सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक चाचणी झाली, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि कागदावर ‘एसएस’, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेले, अशी दोन अक्षरे आली. मुलाला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणारा रक्ताचा आजार, होता. गोळ्या सुरू झाल्या, पाणी भरपूर पिण्याची सवय लागली, हजेरी सुधारली आणि गणितही सुधारले. ते सहकारीही बहुधा आपल्यासारखेच ‘निकाल लागलेले’ वाचत असावेत.

हा आजार जनुकातून येतो, यात वाद नाही. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता २५ टक्के असते. सातपुड्यात तो इतका का आढळतो, याचे उत्तर मात्र इतिहासात आणि डासांत आहे: वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले, आणि म्हणूनच आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस आणि मध्य भारत अशा एकमेकांशी नाते न सांगणाऱ्या मुलखांत तोच दोष टिकून राहिला. हा बदल जगात चार-पाच ठिकाणी स्वतंत्रपणे घडला, असे बरीच वर्षे मानले जात होते. २०१८ साली श्रायनर आणि रोटिमी यांनी तो आफ्रिकेत एकदाच घडला, असे मांडले. मला नवे मत अधिक सबळ वाटते, पण पुढे आणखी जनुकसंच तपासले गेले तर तेही हलू शकते. असे म्हणण्याला आपण कचखाऊपणा म्हणता. मी त्याला पुराव्यानुसार मत ठेवणे म्हणतो.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. राजवाड्यांची अखेरची वर्षे धुळ्यात गेली आणि त्यांच्या दफ्तरावर उभे राहिलेले संशोधन मंडळ आपल्या खानदेशचे भूषण आहे, म्हणून अनुवंशाच्या प्रश्नात त्यांचा दाखला लागू होतो, असे नाही. नाशिकच्या लेण्यांत अभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे हे खरे. त्यावरून, अभीरांशी नाव जोडले जाते म्हणून, आज अहिराणी बोलणाऱ्या प्रत्येकाचे रक्त ठरवायचे असेल तर माझे, आपले आणि बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराचे रक्त एकच निघेल, आणि तेवढी तयारी आपली दिसत नाही. माझ्या वयाविषयीच्या शेऱ्याला उत्तर देत नाही.

आपली प्रतिक्रिया लेखाखाली जशीच्या तशी आहे. त्यातली फक्त सातपुड्यातल्या पावरा या आदिवासी समाजाचे नाव घेऊन लिहिलेली ओळ मी काढली आहे. ती पुन्हा टाकलीत तर पुन्हा काढीन. बाकी वादाला जागा मोकळी आहे, शक्य झाल्यास स्वतःच्या नावाने.