बावटा लागला की प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७

बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला की उत्तन-वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्या ख्रिस्ती घरांतले व्हॉट्सॲप ग्रुप 'देव तुला राखील' असं सांगणाऱ्या स्तोत्र ९१ ने भरून जातात. वचन खरंच आहे, त्यावर माझा विश्वास आहे. पण याच स्तोत्राच्या ओळी सैतानानेही येशूला ऐकवल्या होत्या, मंदिराच्या टोकावरून उडी टाक म्हणून (मत्तय ४:६). येशूने उडी टाकली नाही. एक ओळ तोडायची आणि तिचा ताईत करायचा, हे शास्त्रवाचन नव्हे. "बायबलमध्ये 'भिऊ नको' ३६५ वेळा आहे, रोजचं एक" हा मेसेजही कृपा करून पुढे पाठवू नका. मोजायला बसलं तर आकडा जुळत नाही.

भीतीच्या वेळी एक अख्खा प्रसंग वाचावा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि समुद्राकाठच्या माणसाला नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये २७ इतका जवळचा अध्याय दुसरा नाही. ४४ ओव्या आहेत, मोठ्याने वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला घेऊन जहाज रोमकडे निघालंय. हंगाम उलटून गेलाय, पौलाने आधीच सावध केलं होतं, कोणी ऐकलं नाही. मग वादळ. खलाशी जहाजाच्या खालून दोर आवळतात, दुसऱ्या दिवशी माल फेकतात, तिसऱ्या दिवशी जहाजाचं सामानसुमान. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. विसाव्या ओवीत लूक, म्हणजे या पुस्तकाचा लेखक, लिहितो की वाचण्याची आशाच उरली नाही. हे तो आपल्यासकट सगळ्यांबद्दल लिहितो. पौलाच्या शेजारी बसलेल्या विश्वासू माणसाची आशा संपली, आणि शास्त्राने ते झाकलं नाही. म्हणून घरात कोणी घाबरलं तर "तुझा विश्वास कमी पडतोय" असं लगेच म्हणू नका. मार्क ४ मध्ये येशूने आधी वारा शांत केला, "का भ्याला?" हे नंतर विचारलं.

आता २४ आणि ३१ या दोन ओव्या शेजारी शेजारी ठेवा. चोविसाव्या ओवीत देवदूताचा शब्द आहे: पौला, भिऊ नको, तुझ्याबरोबरचे सगळे वाचतील. तिसाव्या ओवीत खलाशी पुढून नांगर टाकायचं निमित्त करून होडी पाण्यात सोडतात, पळायच्या बेतात असतात. तेव्हा एकतिसाव्या ओवीत तोच पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, सांगतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाने शब्द दिलाय, तरी खलाशी लागतातच! मला या अध्यायातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. देवावर भरवसा आहे म्हणून बोट वर ओढायची नाही, दोर दुहेरी करायचे नाहीत, पक्क्या घरात जायचं नाही, असं म्हणणाऱ्याला हा अध्याय आधार देत नाही.

बाकीचा तपशीलही बघा. चौदाव्या रात्री पाणी मोजतात: २० वाव (एक वाव साधारण सहा फूट), थोडं पुढे १५ वाव. जमीन जवळ येतेय, म्हणजे खडकही. मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. पहाटे पौल म्हणतो, आधी खा. सगळ्यांसमोर भाकर मोडून आभार मानतो आणि स्वतः खायला लागतो. मग २७६ माणसांना धीर येतो. एलियाचंही तेच (१ राजे १९): मरण मागणाऱ्या संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही, दोनदा जेवू घातलं, मध्ये झोपू दिलं. रात्रभर बातम्या बघत उपाशी जागणाऱ्या घराने हे मनावर घ्यावं.

आणि जहाज वाचलं नाही. फुटलं. माणसं फळ्यांवरून किनाऱ्याला लागली. शब्द जिवाचा होता, जहाजाचा नव्हता (ओवी २२). ३ जून २०२० ला निसर्ग वादळात श्रीवर्धनकडच्या ज्यांच्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, त्यांना "देवाने राखलं" म्हणताना हा फरक लक्षात ठेवायला हवा. बाग गेली, त्याचं रडू येणारच.

तयारीचं सांगायचं तर छापील पवित्र शास्त्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, टॉर्चजवळ ठेवा. वीज आणि टॉवर गेले की मोबाइलमधलं शास्त्र चार्जिंग असेपर्यंतच. घरात एकाने वाचावं, २०, २५ आणि ३६ व्या ओवीनंतर थांबावं, ज्याला जी भीती आहे ती त्याने नाव घेऊन प्रार्थनेत सांगावी. "सगळं ठीक कर" अशी मोघम प्रार्थना केली की भीती तशीच आत राहते. लहान मुलं असतील तर स्तोत्र २३ घ्या. त्यात पहिल्या तीन ओव्यांत देवाविषयी "तो" आहे, आणि मृत्युच्छायेच्या दरीत शिरताच "तू" होतो. मुलांना हे दाखवलं की कळतं.

घरचा माणूस पाण्यात असेल आणि फोन लागत नसेल, तर स्तोत्र १०७, ओव्या २३ ते ३०. लाटांवर वरखाली होणारे, अक्कल गुंग झालेले खलाशी त्यात आहेत. त्याच पानाच्या कडेला पेन्सिलने १५५४ लिहून ठेवा, तटरक्षक दलाचा नंबर. आधी तो लावा, बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि शेवटचं बोलणं कधी झालं ते सांगा, मग स्तोत्र वाचायला बसा.